थंडी बरोबर एक दिवसाआडच कशी भरते?

पनवेलकर: धाकट्याला व्हायवॅक्स मलेरिया निघालाय. परवा चारला हुडहुडी भरली, काल पठ्ठ्या भजी मागत होता, आज चारला पुन्हा तीन गोधड्या. हा जंतू घड्याळ लावून येतो की काय?

स्लाइडवाली: जवळपास तसंच! बावीस वर्षं लॅबमध्ये स्लाइड बघतेय. व्हायवॅक्स तांबड्या पेशीत शिरला की हिमोग्लोबिन खात वाढतो. पेशी फुगते, स्टेन केल्यावर तिच्यात गुलाबी ठिपके दिसतात. साधारण 48 तासांत एकाचे 12 ते 24 होतात. मग आधी त्यांच्याभोवतीची आतली पिशवी फाटते, मग पेशीचं आवरण, आणि सगळी पिल्लं बाहेर. असंख्य पेशी एकदम फुटल्या की थंडी! पिल्लं लगेच नव्या पेशीत घुसतात.

सदू: मग मलेरियाच्या त्या दुसऱ्या जंतूला, फाल्सिपॅरमला, लोक जास्त का घाबरतात?

स्लाइडवाली: त्याने धरलेली पेशी बारीक गाठींनी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटते, मेंदूतसुद्धा. म्हणून स्लाइडवर बहुतेक अंगठीसारखे दिसणारे कोवळे जंतूच सापडतात, थोराड मंडळी लपलेली. आणि पनवेलकर, प्रायमाक्विन, म्हणजे यकृतातला जंतू मारणारी गोळी, चालू आहे ना? व्हायवॅक्स यकृतात दडी मारतो, ताप उतरला म्हणून गोळ्या सोडू नका.

पनवेलकर: चालू आहे, 14 दिवसांचं. जी-सिक्स-पीडी, म्हणजे तांबड्या पेशींतलं एन्झाइम, तपासूनच दिलंय. भजी मात्र बंद.