कल्याण-डोंबिवली ते बदलापूर: भाड्याच्या घराचे तुमचे अनुभव सांगा

माझ्या भाचीला लोअर परळला नोकरी लागलीय. साताऱ्याहून येतेय, मुंबईतलं भाडं झेपणार नाही, म्हणून डोंबिवलीच्या पुढे घर शोधतोय. मी स्वतः डोंबिवली पूर्वेला बारा वर्षं भाड्याने राहिलो, चार घरं बदलली. एजंट टाइल्स दाखवतो, किचनचा ओटा दाखवतो. पाणी किती वाजता येतं आणि किती वेळ टिकतं, हे आपण विचारायचं, तेही शेजारच्या दारात. आमच्या दुसऱ्या घरात पहाटे साडेचारला जेमतेम पाऊण तास पाणी यायचं. बायको पिंप भरायची, मी बादल्या, आणि सहा बावीसच्या गाडीत मी उभ्या उभ्या झोपायचो. 11 महिने भरताच ते घर सोडलं. तुम्ही काय भोगलंत, काय चांगलं मिळालं, दोन्ही लिहा.

बदलापूर पश्चिम
भाडं कमी म्हणून 2018 च्या दिवाळीनंतर तळमजला घेतला. सामान लावताना भिंतीतलं जुनं कपाट सरकवलं, तर मागे छातीइतक्या उंचीवर सरळ आडवी रेष. रेषेखालचा रंग फुगलेला, बोट लावलं की पोपडा हातात. मालक म्हणाले, "ओल आहे, पावसाळ्याआधी करून देतो." 27 जुलै 2019 ला, महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ अडकली त्याच दिवशी, उल्हास नदीचं पाणी घरात शिरलं आणि जवळजवळ त्या रेषेपर्यंत चढलं. मग शेजाऱ्यांनी सांगितलं, ती 26 जुलै 2005 च्या पुराची खूण. वरच्या काकूंनी आम्हा चौघांना दोन रात्री ठेवून घेतलं. मुलीची पुस्तकं त्यांच्या पंख्याखाली पान न् पान सुटं करून वाळवली. तळमजला घ्यायचाच असेल तर कपाटं सरकवून भिंती बघा, आणि 26 जुलैला पाणी कुठवर आलं होतं ते नाक्यावरच्या जुन्या दुकानदाराला विचारा.

कल्याण पश्चिम
मी एकटी राहणारी मुलगी. "फॅमिलीच हवी" म्हणून सात ठिकाणी नकार मिळाला. आठव्या घराच्या मालकीणबाई म्हणाल्या, "तुझ्या आईला एकदा घेऊन ये, बोलू आम्ही." दोघी तासभर बोलल्या, लोणच्यापर्यंत गाडी गेली आणि मला किल्ली मिळाली. नकार देणाऱ्या सोसायट्यांचा राग अजून आहे. पगार माझा, सही माझी, तरी आई का लागावी?
भाचीसाठी: फास्टने दादर, तिथून स्लोने करी रोड, पुढे चालत. महिला डब्यात "कुठे उतरणार?" विचारलं की जागेचा नंबर लागतो, लाजू नकोस. डोंबिवलीला घर घेतलं तर सकाळी चढणंच अवघड. पुष्कळजणी उलट कल्याणला येतात आणि बसून जातात. मग पास कल्याणचा काढावा लागतो.

अंबरनाथ, घरमालक
मालकाची बाजू मांडतो. माझा एक भाडेकरू महावितरणची तीन बिलं थकवून गेला. तरीही सांगतो, करार नोंदवल्याशिवाय राहू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल आणि अटींवरून वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. आता आधार आणि अंगठा घेऊन घरबसल्या काम होतं, टाळायला कारण नाही. सोसायटीचे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून लागणारे) सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांपर्यंतच असतात आणि ते मालकाच्या बिलात येतात. ते कुणी तुमच्याकडे मागितले तर आधी करार वाचा.

डोंबिवली पूर्व
"स्टेशनपासून पाच मिनिटं" म्हणजे रिकाम्या रस्त्यावर, रिक्षाने. संध्याकाळी आठला शेअर रिक्षाची रांग बघा, मग ठरवा. बाकी आम्ही इथे रुळलो ते फडके रोडमुळे. पहिल्या दिवाळीला गावी जायला सुट्टी मिळाली नाही, पहाटे नवे कपडे घालून गणपती मंदिराकडे गेलो, तर अख्खी डोंबिवली रस्त्यावर. भाड्याचं घर असूनही आपल्या गावात आहोत असं त्या दिवशी वाटलं.

धागा काढणारा
सगळ्यांचे मनापासून आभार. कपाटाची गोष्ट वाचून बदलापूरचा तळमजला रद्द केला. रविवारी कल्याण पश्चिमेला दुसऱ्या मजल्यावरचं घर बघतोय, मुद्दाम संध्याकाळी आठला, स्टेशनवरून चालत. ताईही साताऱ्याहून येतेय. खडकपाड्याकडे कुणी राहत असेल तर पाण्याची वेळ तेवढी कळवा.