सगळा वर्ग एकाच मुलाकडे वळून पाहतो, तेव्हा काय करावे?

दुसरीच्या बाई, तुर्भे

मी एका मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत दुसरीला शिकवते. वर्गात ३८ मुले आहेत. काहींचे वडील बाजार समितीत माथाडी आहेत, काहींचे आईवडील सकाळी नाक्यावर उभे राहून मिळेल त्या बांधकामावर जातात, काही मुले इथल्याच आगरी घरांतली आहेत, आणि घरी कन्नड, तेलुगू किंवा भोजपुरी बोलणारी मुलेही बरीच आहेत. क्रमिक पुस्तकात यांतल्या पुष्कळ मुलांचे घर दिसत नाही, म्हणून निरनिराळ्या घरांतल्या मुलांची चित्रपुस्तके मी वर्गात मोठ्याने वाचू लागले.

गेल्या महिन्यात बांधकामाच्या जागी राहणाऱ्या एका मुलीची गोष्ट वाचत होते. इमारत पुरी झाली की तिला शाळा आणि मैत्रीण सोडून पुढच्या साइटवर जावे लागते, एवढीच गोष्ट. पान उलटले, पत्र्याच्या खोल्यांची रांग दिसली आणि एक मुलगा मोठ्याने म्हणाला, "बाई, हे तर याचं घर!" सदतीस माना एकाच दिशेला वळल्या. त्या मुलाने बाकावर डोके टेकले आणि घंटा होईपर्यंत वर केले नाही.

मी ते पुस्तक त्याच्यासाठीच निवडले होते, आणि तेच मला जास्त लागले. अशी पुस्तके वर्गात वाचूच नयेत का? की वाचण्याआधी त्या मुलाला किंवा त्याच्या पालकांना विचारायला हवे होते?

निवृत्त मुख्याध्यापक, नौपाडा

बाई, पुस्तके बंद करू नका. बालसाहित्याच्या अमेरिकी अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० मध्ये लिहिलेल्या एका लेखात म्हटले आहे की पुस्तक कधी खिडकी असते, कधी सरकते काचेचे दार असते आणि प्रकाश योग्य असेल तर तेच आरसा होते. त्यांच्या देशात या विचाराला निकड होती. १९८५ साली विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठाच्या बालपुस्तक केंद्राने मोजणी केली, तेव्हा वर्षभरातल्या सुमारे २,५०० पुस्तकांपैकी आफ्रिकी-अमेरिकी लेखक-चित्रकारांची पुस्तके अवघी १८ निघाली होती.

मात्र ही उपमा वर्गात वापरताना एक गोष्ट आपल्या नजरेतून सुटते. आरशात माणूस एकट्याने पाहतो. तुमच्या विद्यार्थ्यासमोर तो धरला गेला सदतीस जणांच्या देखत, आणि तोही त्याने न मागता. म्हणून माझा पहिला सल्ला असा की अशी पुस्तके आधी काही दिवस वर्गात दोरीवर अडकवून ठेवावीत आणि कोणी कोणते उचलले याची चौकशी करू नये. दुसरे म्हणजे, पत्र्याच्या घरातली मुलगी मुलांना वर्षातून एकदाच आणि तीही दुःखी भेटत असेल, तर ती व्यक्ती न राहता नमुना होते. तिचा दात पडतो, ती शेळीच्या मागे धावते, भावाशी भांडते, आणि घर पत्र्याचे आहे हे फक्त चित्रात मागे दिसते, अशी पुस्तके आधी यावीत. सहानुभूती हा शब्द आपण दयेच्या इतक्या जवळ नेऊन ठेवला आहे की मुलेही तो तसाच उचलतात.

वाचनालयातली ताई, ऐरोली

सरांचे दुसरे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे, पहिले मात्र अर्धेच. दोरीवरचे पुस्तक चित्रे पाहण्यासाठी उत्तम, पण दुसरीतली कितीतरी मुले अजून एकट्याने गोष्ट वाचून संपवत नाहीत. शिवाय माना वळल्या त्या सदतीस जणांच्या, आणि खरे काम त्यांच्याशीच आहे. ते एकत्र वाचनातूनच होईल.

पुस्तके निवडताना मी मजकुराआधी चित्रे तपासते. मदत देणारा कोण आणि घेणारा कोण, हुशार मूल नेहमी गोरेच काढले आहे का, चाकाच्या खुर्चीतली मुलगी स्वतः काही करते की तिला केवळ ढकलले जाते, आदिवासी पाड्यावरचे मूल सणाच्या वेशातच दिसते की गणवेशातही दिसते, या प्रश्नांवर निम्मी पुस्तके गळतात. ठाण्यात येऊरच्या पाड्यांवरची वारली मुलेही दप्तर घेऊन शाळेत जातात, हे कितीतरी चित्रकारांच्या गावीही नसते.

पैशांची अडचण असेल तर 'प्रथम बुक्स' या प्रकाशन संस्थेने २०१५ मध्ये सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठीत पुष्कळ सचित्र गोष्टी विनामूल्य मिळतात. वाचनाच्या चार पातळ्या केलेल्या आहेत आणि परवाना खुला असल्यामुळे श्रेय देऊन त्या छापता येतात, भाषांतरही करता येते. भिंतीवर प्रोजेक्टरने दाखवल्यास मागच्या बाकालाही चित्र दिसते, पण मुलांच्या हातात पान असण्याची सर त्याला येत नाही.

एक आई, घणसोली

मी शिक्षिका नाही. माझी मुलगी तिसरीत आहे आणि दोन्ही कानांना ऐकण्याचे यंत्र लावते. तिच्या बाईंनी गेल्या वर्षी तशाच एका मुलीचे पुस्तक वाचण्याआधी तिला एकटीला गाठून विचारले होते. तिने सांगितले, "वाचा, पण माझ्याकडे बघू नका." बाईंनी तो शब्द पाळला, याचे मला आजही अप्रूप वाटते.

घोटाळा पुढे झाला. गोष्ट संपल्यावर बाईंनी विचारले, "तिला कसं वाटलं असेल?" आणि सगळ्या वर्गाने पाढे म्हणावेत तसे एका सुरात "वाईट!" म्हटले. संध्याकाळी मुलीने मला विचारले, "आई, मला वाईट वाटायला पाहिजे का?" काय सांगावे ते मला सुचले नाही. तोपर्यंत तिच्या मैत्रिणींना यंत्रातले एकच ठाऊक होते, की त्यावर हात धरला की ते शिट्टी वाजवते, आणि त्या शिट्टीसाठी मधल्या सुट्टीत रांग लागायची. भावनेचे नाव विचारण्याऐवजी "ती आता काय करेल?" किंवा "तुम्हाला चित्रात हे कुठे दिसले?" असे विचारले असते तर बरे झाले असते.

दुसरीच्या बाई, तुर्भे

सर्वांचे आभार. तेच पुस्तक घेऊन मी शनिवारी त्या मुलाजवळ एकटीच बसले आणि या चित्रात काही चुकले आहे का, एवढेच विचारले. त्याने बराच वेळ पाहिले आणि मग म्हणाला, "पत्र्यावर दगड नाहीत. वाऱ्यात उडून जाईल." चित्रकाराच्या लक्षात न आलेली गोष्ट त्याने पेन्सिलीने काढून दिली, सहा दगड आणि एक जुना टायर. सोमवारी त्याच्याच संमतीने ते पान वर्गाला दाखवले, कोणी काढले ते सांगितले नाही. पावसात पत्रा किती वाजतो यावर इतकी चर्चा झाली की बोलणाऱ्यांत पत्र्याखाली राहणारी आणखी चार मुले निघाली. मला ते माहीतही नव्हते.

ते काम पावसाळ्यापर्यंत संपेल आणि कुटुंब बहुधा दुसरीकडे जाईल, असे त्याची आई म्हणाली. त्यांच्या घरी कन्नड बोलतात. ताई, एकाच पानावर कन्नड आणि मराठी मजकूर येईल अशी एखादी गोष्ट छापून घ्यायची असेल तर कशी घ्यावी, हे कळवाल का? जाण्यापूर्वी त्याच्या हातात द्यायची आहे.