चिखल फासून सूज उतरत नाही
वर कुणीतरी विचारलंय, समुद्रतळाच्या जिवाणूंत सूज उतरवणारी द्रव्यं असतात, तर रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात ट्रॉलरच्या जाळ्यासोबत येणारा काळा चिखल गुडघ्याला लावू का? नको हो! आठवडाभर वास तेवढा जाणार नाही.

द्रव्य काढायचं तर आधी जिवाणू वेगळा करून वाढवावा लागतो, आणि सॅलिनिस्पोरासारख्याचे नखरे असे की समुद्राच्या पाण्याशिवाय वाढतच नाही. बहामाच्या गाळातल्या या जिवाणूचं सॅलिनोस्पोरामाइड ए हे द्रव्य पेशीतलं प्रोटिअसोम, म्हणजे नको असलेली प्रथिनं मोडणारं यंत्र, बंद पाडतं. मग सुजेची जनुकं चालू करणारं एनएफ-कप्पा-बी हे प्रथिन अडकून राहतं. पण प्रोटिअसोम निरोगी पेशींनाही लागतं, म्हणून साध्या सुजेसाठी हे धोक्याचं; माणसांवरच्या चाचण्या झाल्या त्या कर्करोगासाठी. सायक्लोमॅरिन ए या दुसऱ्या द्रव्याने उंदराच्या कानाची सूज उतरवली खरी, पण ते देणारा जिवाणू कॅलिफोर्नियातल्या उथळ खाडीतला!