घुमटाचा ठोका कापून लावला की संगीत मातीतलं होतं?

साळगांवकार: कालची पोस्ट वाचून राहवलं नाही. म्हणे ट्रान्स, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नाचाचं संगीत करणाऱ्या ग्रुपने नव्या ट्रॅकमध्ये घुमट, आपलं गोव्याचं मडक्यावर कातडं ताणलेलं वाद्य, घातलं, 'डाफ्ट पंकनेही २०१३ मध्ये हेच केलं'. हेच? त्या फ्रेंच इलेक्ट्रॉनिक जोडीने 'रँडम ॲक्सेस मेमरीज' या अल्बमसाठी ड्रमर ओमर हकीम, बास गिटारवाला नेथन ईस्ट, गिटारवाला नाइल रॉजर्स यांना स्टुडिओत बसवून वाजवून घेतलं. इथे एक ठोका कापून लूपवर, म्हणजे तोच पुन्हा पुन्हा, फिरवलाय. घुमटवाला मागचं लहान तोंड हाताने झाकत-उघडत वाजवतो, तिथे आवाज वळतो. ते वळण कुठे आहे?

रात्रपाळी: त्याच अल्बममध्ये गाणाऱ्याचा आवाज यंत्रासारखा करणारा व्होकोडर आहे, विजेवर सूर काढणारा मॉड्युलर सिंथ आहे. यंत्र कुणी फेकून दिलेलं नाही. नव्वदच्या दशकात गोव्यात हणजुणच्या पार्ट्यांना डॅट या डिजिटल टेपवर वाजणाऱ्या संगीतात रात्री काढल्या, तेव्हा कुणी अस्सलपणा मागितला नव्हता.

कुंभारवाडो: आधी सांगा, कातडं कशाचं? घोरपडीचं पातळ, त्याचा नाद वेगळा. बकऱ्याचं पावसात सैल पडतं. चवथीला, गणपतीत, दोन आरत्या झाल्या की आम्ही विस्तवावर शेकतो.

साळगांवकार: बाब, विषय तो नाही.

कुंभारवाडो: तोच आहे! नाद कातड्यातून येतो, तुमच्या स्टुडिओतून नाही.

वारखंडची माई: घोरपडीचे गोडवे बंद करा. १९७२ च्या कायद्याने तिला संरक्षण आहे. २०१९ मध्ये घुमट राज्याचं वारसा वाद्य ठरलं, ते काय जनावरं मारायला?

कुंभारवाडो: मारा असं कोण म्हणालं? माझ्या बापाने आयुष्यभर मडकी घडवली. कायदा आला तसं त्याने बकऱ्याचं लावायला घेतलं. किती फुकट गेली, ते मी पाहिलंय. आम्हाला शिकवू नका.

वारखंडची माई: बरं, तुमच्या वडिलांबद्दल बोलले नाही मी. पण जुन्या नादाचं कौतुक वाचून कुणीतरी रानात जातो, हेही खरं.

रात्रपाळी: मागच्या तोंडाचं मान्य, लूपमध्ये ते येत नाही. पण वाजवणाऱ्याचे पैसे कोण देणार? माझा भाचा घुमटाच्या जोडीचं तालवाद्य, शामेळ वाजवतो. क्लबने त्याला जेवणावर बोलावलं होतं, डीजेला मात्र आगाऊ रक्कम.

साळगांवकार: मग रागवा त्या क्लबवर! दोन घुमटं, एक शामेळ, समोरासमोर बसवा, कानात ठरावीक ताल देणारा क्लिक ट्रॅक बंद करा आणि लय हलू द्या. सिंथ त्यांच्या मागून येऊ दे. तसं केलंत तर पहिला मी ऐकेन.

कुंभारवाडो: आणि रेकॉर्डिंग जानेवारीत ठेवा. जुलैत कातडं ताणून राहायचं नाही.