एकच नट, तीन भूमिका आणि पडवीतली पंगत: शूट कसं करायचं?

आंबोळी_चटणी

गणपतीला चाकरमानी गावात असतात तेव्हा मालवणजवळच्या आमच्या वाडीत वीसेक मिनिटांची मालवणी फिल्म करायची आहे. एकच नट तीन भूमिका करणार: आजी, मुंबईचा नातू आणि पोट सुटलेला सरपंच. विनोद सोवळा नाही. गाळी, ढेकर, पादणं सगळं आहे. मुख्य सीन पंगतीचा, तिघे एका ओळीत. हाताशी 4के शूट करणारा फोन, ट्रायपॉड, दोन एलईडी पॅनेल आणि लॅपटॉपवर दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती. ग्रीन स्क्रीन लागेल का? आणि भाद्रपदातल्या घामात मेकअप टिकवायचा कसा?

चिरेबंदी

ग्रीन स्क्रीन नको. त्या कापडावर सारखा उजेड पाडायला दोन पॅनेल पुरत नाहीत आणि केसांच्या कडेला हिरवी झाक राहते. पंगतीला स्प्लिट स्क्रीन भरपूर झाला, म्हणजे कॅमेरा न हलवता दर भूमिका वेगळी घ्यायची आणि फ्रेमचे तुकडे नंतर शेजारी-शेजारी जोडायचे. बस्टर कीटनने 1921 च्या ‘द प्लेहाउस’मध्ये एका फ्रेममध्ये नऊ कीटन बसवले, ते लेन्सपुढच्या झडपा एकेक उघडून आणि तीच फिल्म दर वेळी मागे गुंडाळून. तुमच्याकडे सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक ठेवायचे लेयर आहेत.

आधी स्क्रिप्ट घेऊन बसा आणि दोन भूमिका तोंडासकट एकत्र दिसायलाच हव्यात असे शॉट मोजा. वीस मिनिटांत पाच-सहा पुरे होतात. बाकी सगळं डुप्लिकेटवर: त्याच उंचीचा, त्याच खांद्यांचा एक जण लुगडं नेसवून पाठमोरा बसवा आणि त्याच्या खांद्यावरून नटाला घ्या. एक चांगला स्प्लिट शॉट सीनच्या सुरुवातीलाच टाका. तिघांना एकदा एकत्र पाहिलं की पुढे पाठमोऱ्यावर कोणी शंका घेत नाही.

आता स्प्लिट. फोन लँडस्केपमध्ये, ट्रायपॉडच्या पायांवर चिऱ्याचे तुकडे ठेवा. फोकस, एक्सपोजर, व्हाइट बॅलन्स तिन्ही लॉक. सेकंदाला 25 फ्रेम, शटर 1/50 सेकंद. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून स्वस्त बल्बची फडफडही बहुतेक टळते. स्टॅबिलायझेशन बंद करायला विसरू नका. फोन जागचा हलला नाही तरी ते फ्रेम किंचित सरकवतं, आणि मग जोडावर भिंत तुटते. ब्लॅकमॅजिक कॅमेरा या फुकट अ‍ॅपमध्ये हे सगळं एका ठिकाणी मिळतं. रेकॉर्डिंग फोनला हात लावून सुरू-बंद करण्यापेक्षा मधे चालूच ठेवा.

पंगत हा सोपा प्रकार आहे, कारण माणसं ओळीत असतात आणि दोन पानांमध्ये मोकळी जागा असते. नेहमीपेक्षा हातभर जास्त अंतर ठेवा आणि जोड त्या जागेतून उभा न्या. पडवीचा खांब तिथे आला तर उत्तमच. सारवलेली जमीन जोड लपवते, चौकटीच्या लाद्या चुगली करतात. पाठीमागे माड किंवा समुद्र नको; झावळ हलली की जोडावर ती अर्धी कापलेली दिसते.

प्रत्येक टेकला डुप्लिकेट रिकाम्या पानावर बसवा, म्हणजे नजर बरोबर जागी जाते आणि समोरून संवादही मिळतो. जोडताना तो कापला जाणारच आहे. फक्त त्याची सावली जोड ओलांडून येता कामा नये. शेवटी रिकाम्या पडवीचे दहा सेकंद घ्या, डागडुजीला लागतात.

रिझॉल्व्हमध्ये तीन क्लिप एकावर एक. एडिट पेजवर इन्स्पेक्टरमधलं क्रॉप आणि थोडा सॉफ्टनेस, एवढ्यावर सरळ जोड होतो. वाकडा हवा असेल तर रिझॉल्व्हच्याच फ्यूजन पेजवर पॉलिगॉन मास्क, म्हणजे कापायची रेघ हाताने आखायची. शूट 4के, फायनल 1080 ठेवलंत तर जोडल्यावर फ्रेम हळूच सरकवता येते. कॅमेरा हलतोय असं वाटलं की डोळा जोड शोधत नाही.

रंगपेटी

वरचं बरोबर आहे, पण खरी अडचण उजेडाची. वेष बदलायला पाऊण तास जातो आणि भाद्रपदात तेवढ्यात दहा वेळा ढग येतात. पडवीला बाहेरून ताडपत्री बांधा किंवा रात्री शूट करा. रात्री पॅनेलवर पाखरं जमतात, तेव्हा त्यांना दूर ओढायला अंगणात एक उघडा बल्ब पेटता ठेवा.

मेकअपचा क्रम: आजी, सरपंच, नातू. जड मेकअप कोऱ्या, कोरड्या कातडीवर बसतो, आणि काढत जाणं चढवत जाण्यापेक्षा लवकर होतं. नटाने गुळगुळीत दाढी-मिशी केलेली हवी, सरपंचाची मिशी चिकटवायची.

सुरकुत्यांसाठी द्रव लॅटेक्स (पातळ रबर): कातडी दोन बोटांनी ताणायची, स्पंजने पातळ थर टिपायचा, हेअर ड्रायरच्या गार वाऱ्यावर सुकवायचा, टाल्कम मारायची आणि मगच ताण सोडायचा. पावडर राहिली तर थर स्वतःलाच चिकटतो. आपल्याकडच्या दमट हवेत सुकायला जास्त वेळ लागतो. घाई केली की गोळे होतात. भुवया आणि केसांवर लॅटेक्स नको, उपटून निघतील. आदल्या दिवशी कोपराच्या आत थेंब लावून बघा, काहींना अंगावर उठतं.

मिशी: ओठावरचं तेल स्पिरिटने पुसा, स्पिरिट गमचा (मेकअपच्या डिंकाचा) पातळ हात द्या, चिकटसर होईपर्यंत थांबा, मग ओल्या फडक्याने दाबा. ओला असतानाच मिशी ठेवली तर ढेकराच्या पहिल्याच शॉटला एक टोक सुटतं. काढताना आधी खोबरेल.

पोट कापसाचं करू नका, घाम पिऊन जड होतं. घट्ट बनियनवर गादीवाल्याकडचा एक इंची फोम पायऱ्या-पायऱ्यांनी शिवा आणि तळाशी पाव किलो तांदळाची पिशवी. तांदळामुळे पोट चालताना मागाहून हलतं, हसू तिथे येतं. वीस मिनिटांनी उतरवा, पंखा, मीठ-साखर-पाणी.

आंबोळी_चटणी

एक राहिलं. आजी सरपंचाला डावलून थेट नातवाच्या पानात बांगडा वाढते. हात जोड ओलांडणार ना? आणि बसायचा क्रम आजी, सरपंच, नातू असा आहे.

चिरेबंदी

मग दोन जोड ओलांडाल. क्रम बदला: नातू मधे. नातवाच्या टेकमध्ये डुप्लिकेटच्या हातात आजीच्या बांगड्या घाला आणि बांगडा त्यानेच वाढायचा. तेवढ्यापुरता जोड त्याच्या कोपराबाहेर न्या. आजीच्या टेकमध्ये तिने फक्त खांदा पुढे करायचा. कोपर जुळलं नाही तर त्या क्षणी ताटाचा क्लोजअप घाला. आणि प्रत्येक टेकआधी पानांचा फोटो. सोलकढीची वाटी भरलेली-रिकामी होत राहते.

रातकिडा

आवाजाबद्दल कोणी बोललं नाही. डुप्लिकेटचे संवाद नटाच्या संवादांवर चढू देऊ नका, नाहीतर ते कापता येणार नाहीत. संवादाची गती ज्या भूमिकेच्या हाती, तिचा टेक आधी (इथे आजी, तेव्हा रंगपेटींचा क्रम जमतो), आणि तो आवाज पुढच्या टेकला नटाच्या एका कानात सोडा. दर जागेची तीस सेकंदांची नुसती शांतता रेकॉर्ड करा. रातकिड्यांचा आवाज टेकागणिक बदलतो आणि जोड डोळ्यांआधी कानाला कळतो.

पादण्याचा आवाज सेटवर नको. नंतर फुग्याचं तोंड ताणून काढा, आणि तो येण्याआधी अर्धा सेकंद पंगतीत कोणी भुरकायचंसुद्धा नाही. हसू आवाजाला नाही, त्यानंतर होणाऱ्या तोंडांना येतं. पहिली नजर आठ-दहा फ्रेमनंतर वळली पाहिजे आणि तिघांनी एकदम वळायचं नाही. स्प्लिटचा फायदाच हा, प्रत्येक भूमिकेची वेळ टाइमलाइनवर वेगळी सरकवता येते.

मेकअपवर सगळा पैसा घालू नका. एडी मर्फीने तीन भूमिका केलेल्या ‘नॉर्बिट’ला (2007) मेकअपसाठी ऑस्करचं नामांकन होतं, आणि त्याच तीन भूमिकांना त्या वर्षीच्या सर्वांत वाईट अभिनयाच्या तीन रॅझी मिळाल्या. तिथे बाईचा लठ्ठपणा हाच विनोद होता. तुमची आजी गाळी देऊ दे, विनोद तिच्यावर नको. दशावतारात पुरुष बाईचं सोंग घेतो तेव्हा आधी पदर सावरायची पद्धत आणि चाल बसवतो, तेच करा: आजी नडग्यांवर जोर देऊन उठते, सरपंच पोट सावरत मागे रेलून बसतो, नातू सारखा फोनची रेंज बघतो. मेकअपशिवाय, लुंगी-बनियनवर, तिघे वेगळे ओळखू येतात का ते आधी तालमीत फोनवर बघा. नाही आले तर लॅटेक्स विकत आणूच नका.

रंगपेटी

मान्य. फक्त ‘नडग्यांवर’ नको, गुडघ्यांवर हात टेकून उठवा. खाली बसलेली आजी तशीच उठते, आणि लुगड्यात पाय अडकत नाही.