भीमपलासी वाटला, पण नी वेगळा लागला. राग कोणता?

सेलूकर
मोंढ्यात आडतीवर दिवाणजी आहे. काल दुपारी तीनच्या सुमारास सौदे उरकले, हमाल कट्ट्यांच्या थप्पीवर आडवे झाले. मी शेतकऱ्यांच्या पट्ट्या लिहायलो होतो, गल्ल्याजवळ रेडिओ हळू चालू होता. ख्याल, बाईचा आवाज. मनात भीमपलासी धरून ऐकायलो, तर वर चढताना नी असा काही लागला की हातातला पेन थांबला. शेवटी रागाचं नाव सांगताना नेमका दारात ट्रॅक्टर आला.

रात्री भजनी मंडळाची पेटी काढली. काळी एकला सा धरला तर भीमपलासीचा नी पांढरी सातवर पाहिजे. माझ्या कानातला बसतो पांढरी एकवर. ग मात्र पांढरी तीनलाच, म्हणजे कोमलच. हा कोणता राग?

मंद्रसप्तक
पटदीप. कोमल ग, शुद्ध नी, आरोहात रे-ध नाहीत: नी सा ग म प नी सां. उतरताना सगळे सूर. वेळही तीच, दिवसाचा तिसरा प्रहर. मध्यम तीव्र असता तर मधुवंती म्हटलं असतं. त्यात रे-धही कोमल असते तर मुलतानी.

गोदाकाठ
दादा, थोडं थांबा. मी परभणीत मुलींना गाणं शिकवते, आणि या नीवर त्या हमखास फसतात. भीमपलासीचा कोमल नी सरळ लावतच नाहीत, त्याला वरच्या सा चा कण असतो, सा ला शिवून नी खाली येतो. कानाला तो चढा भासतो. पेटीवर हे सापडणार नाही, तिथं एक पट्टी नाहीतर शेजारची. ऑल इंडिया रेडिओनं १९४० साली पेटी बंद केली, त्यामागे मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, निघत नाही हे एक कारण होतंच.

म्हणून पेटी बाजूला ठेवा आणि आठवा: बाई नीवर थांबल्या होत्या का? आणि विसावा कुठं होता? भीमपलासी मध्यमावर येऊन बसतो. तो ‘म’ एकदा ओळखला की चुकत नाही.

सेलूकर
ताई, डोळे मिटून आठवलं. मध्यमावर बसल्याचं ध्यानात नाही. नीवर थांबल्या होत्या, चांगल्या दोन-तीन मात्रा, सूर जागचा हलला नाही. मग सा वर गेल्या. तिथंच माझा पेन थांबला होता.

गोदाकाठ
मग पटदीपच. मंद्रसप्तक यांचं बरोबर आहे. आकाशवाणीची ‘रागम्’ वाहिनी २६ जानेवारी २०१६ पासून चोवीस तास शास्त्रीय लावते, मोबाईलवरही लागते. दुपारी दोन ते चारमध्ये लावून ठेवा.

सेलूकर
लावतो ताई. उद्या सोयाबीनची आवक मोठी आहे, सौदे लांबतील. परवा रविवार, मोंढा बंद. परवाच ऐकतो, घरी, दार लावून.