मुश्खुश्शु : राक्षस की व्याल?

बॅबिलोनवरच्या एका लेखाचं भाषांतर करतेय. दुसऱ्या नेबुखद्नेझरच्या (इ.स.पू. ६०५–५६२) इश्तार दरवाज्यावर निळ्या विटांत एक प्राणी आहे. सापाचं शिंगवालं डोकं, अंगभर खवले, पुढचे पाय सिंहाचे, मागचे गरुडाचे. नाव मुश्खुश्शु. मूळ लेखात त्याला ‘मॉन्स्टर’ म्हटलंय. ‘राक्षस’ लिहिलं आणि खोडलं. काय लिहावं?

– राक्षस नकोच. आपल्या राक्षसाला कूळ असतं, तो तप करतो, वर मागतो. हा मार्दुक देवाच्या पायाशी असणारा प्राणी. सरळ ‘वाहन’ म्हणा.

– वाहन म्हटलं की उंदीर-मोर डोळ्यांपुढे येतात! ‘एनूमा एलिश’ या बॅबिलोनच्या सृष्टिकथेत तिआमत ही आदिसागराची देवी इतर देवांशी लढायला जे भयंकर जीव जन्माला घालते, त्यांत विंचूमानव, मत्स्यमानव आणि हाही आहे. मार्दुक जिंकतो आणि त्या जीवांच्या मूर्ती दारात उभ्या करतो. म्हणजे आधी शत्रूच्या फौजेत, मग देवाच्या पदरी. त्याही आधी तो एश्नुन्ना शहराच्या तिश्पाक देवाचा होता.

– शब्द फोडून बघा. तिथल्या जुन्या सुमेरी भाषेत ‘मुश’ म्हणजे साप. ‘खुश’ म्हणजे तांबडा, खवळलेला. (आपल्या ‘खूश’शी काही संबंध नाही, उलटच आहे.) बॅबिलोनच्या अक्कादी भाषेने तो शब्द घेऊन आपला प्रत्यय लावला. म्हणून मी ‘व्याल’ सुचवेन. संस्कृतात व्याल म्हणजे साप, हिंस्र श्वापदही, आणि देवळांच्या भिंतींवरचा मिश्र प्राणीही. तिन्ही अर्थ इथे चपखल बसतात.

– शरभ का नाही? आपल्या किल्ल्यांच्या दरवाज्यांवर असतो, वाचकाला ओळखीचा.

– दरवाजा जुळतो, पण शरभात साप कुठाय?

– जुन्या पुस्तकांत ‘सिर्रुश’ दिसलं तर वेगळा प्राणी समजू नका. कीलाक्षरांत, म्हणजे तिथल्या खिळ्यांसारख्या लिपीत, एकाच चिन्हाचे अनेक उच्चार असतात. ‘मुश’चं चिन्ह ‘सिर’ असंही वाचता येतं, ‘खुश’चं ‘रुश’. १८९९ पासून बॅबिलोन खणणाऱ्या कोल्डेवाईनेही ‘सिर्रुश’च लिहिलं.

– मग पहिल्यांदा ‘मुश्खुश्शु हा व्याल’ आणि पुढे नुसतं मुश्खुश्शु. तो की ते?

– तो. अक्कादीतही पुल्लिंगीच. घोळ आहे तो माणसाच्या डोक्याच्या पंखवाल्या बैलाचा. त्याला सगळे ‘लमासू’ म्हणतात, पण अक्कादी ‘लमस्सु’ मुळात रक्षणकर्ती देवी, म्हणजे ती! बैलाला खरं तर ‘अलद्लम्मु’ म्हणायचे.